मुलाला शिकारीला न्या, बंदूक मात्र थांबू द्या

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शिकारीच्या परवान्याला किमान वय नाही. आधी दहा वर्षांची अट होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्यपाल स्कॉट वॉकर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ती गेली. त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात ज्यांच्या नावाने परवाने निघाले, त्यांत वर्षाच्याही आतली दहा बाळं होती. ते परवाने आईबापांनी आठवण म्हणून काढले असावेत, कारण पाळण्यातलं बाळ बंदूक उचलत नाही. पण जो कायदा पाळण्यातल्या बाळाला 'शिकारी' म्हणतो, तो पाच वर्षांच्या मुलालाही म्हणतो, आणि पाच वर्षांचं मूल ट्रिगर ओढू शकतं.

मी गेली आठ वर्षं याच राज्यात, मॅडिसनजवळ राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मूळ गाव मिरज. मुलगी सात वर्षांची आहे. ऑफिसमधला एक सहकारी आपल्या मुलाला दर एप्रिलमध्ये रानटी टर्कीच्या शिकारीला नेतो. यंदा त्याने मला विचारलं, "तुझ्या मुलीला आणतोस का? माझा मुलगा तिच्याच वयाचा असताना पहिल्यांदा आला होता."

फोनवर अम्मीला हे सांगितलं तेव्हा ती दोन क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "पोरीला शिकायला पाठवायचं वय आहे, शिकारीला कसलं पाठवतोस?" बायकोचं म्हणणं वेगळं होतं: "चिकन खाते ना ती? मग बघू दे की." या दोघींच्या मधे कुठेतरी माझं मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेख. लहान मुलाला शिकारीला न्यावं, असं मला वाटतं. त्याच्या हातात बंदूक मात्र लवकर देऊ नये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने त्यांची गल्लत केली आहे, आणि ती आपल्यापैकी बरेच जणही करतात.

ही शिकार असते तरी कशी

टर्की म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थँक्सगिव्हिंगचा भाजलेला, फुगलेला पक्षी येतो. तो फार्मवरचा. त्याच्या छातीचं मांस इतकं वाढवलंय की त्याला उडता येत नाही आणि नैसर्गिक जोडीही जमत नाही, त्यामुळे पैदास कृत्रिम रेतनाने करावी लागते. रानटी टर्की हा वेगळाच जीव. काळपट तांबूस पिसांवर उन्हात तांब्याची झाक, लांब पाय, रात्री मुक्काम झाडावर. नराचं वजन आठ-दहा किलोपर्यंत जातं, तरी तो झपकन उडतो. वास त्याला फारसा येत नाही. डोळे मात्र इतके तेज आणि रंग ओळखणारे, की माणसाची पापणी हलली तरी तो निघून जातो असं शिकारी म्हणतात.

वसंतातली शिकार नराची असते. तो पहाटे झाडावरूनच मोठ्याने घोगरी आरोळी देऊन माद्यांना बोलावतो. शिकारी उजाडण्याआधी जाऊन झाडाला पाठ लावून किंवा कापडी आडोशात बसतो, समोर नकली मादी मांडतो आणि मादीचा आवाज काढतो. त्यासाठी एक लाकडी डबी असते. तिच्या झाकणाला खडू लावून कडेवर घासलं की हुबेहूब मादीची हाक निघते. मग वाट बघायची, कधी तास, कधी अख्खी सकाळ. नर आला तरी तो चाळीस यार्डांच्या, म्हणजे साधारण पस्तीस मीटरच्या, आत यावा लागतो. बंदूक छर्ऱ्यांची असते आणि नेम डोक्यावर आणि मानेवर धरायचा. एका परवान्यावर एकच पक्षी.

या शिकारीचा एक नियम मुलांना सगळ्यात आधी सांगतात: तांबडं, पांढरं आणि निळं काहीही अंगावर घालायचं नाही. वसंतात नराच्या डोक्याचे रंग हेच असतात. झुडपाआड लाल टोपी हलली, तर दुसरा कुणी शिकारी तिला पक्षी समजू शकतो. ज्या देशाच्या झेंड्यात हे तीनच रंग आहेत, तिथल्या मुलाला एक सकाळ तेच रंग टाळून बसावं लागतं.

विस्कॉन्सिनमध्ये मोठ्यांचा हंगाम सुरू होण्याआधी एक शनिवार-रविवार सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी राखून ठेवलेला असतो. त्या दोन दिवशी शिकार फक्त मुलांनी करायची, मोठ्याने सोबत बसायचं. माझा सहकारी मुलाला नेतो तो याच दिवसांत.

एकोणतीस पक्ष्यांची गोष्ट

'हे गोरे लोक पोरांना मारायला शिकवतात' एवढं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मीही पहिली एक-दोन वर्षं मनात हेच म्हणत होतो. पण शिकारीमागचा हिशेब कळल्यावर ते मत मला अपुरं वाटू लागलं.

विस्कॉन्सिनमधला रानटी टर्की १८८१ च्या सुमारास संपला. जंगलं तोडली गेली, धरबंध न ठेवता शिकार झाली. १९३० च्या दशकापर्यंत सगळ्या अमेरिकेत हे पक्षी फार तर दोनेक लाख उरले असावेत. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. मग १९५० च्या दशकात तोफेसारख्या नळ्यांनी जाळं फेकून जिवंत रानटी पक्षी पकडायचं तंत्र जमलं. १९७६ मध्ये मिझुरी राज्यात असे पकडलेले २९ टर्की विस्कॉन्सिनच्या व्हर्नन काउंटीत सोडले गेले. बदल्यात विस्कॉन्सिनने मिझुरीला तित्तिरासारखे रानपक्षी दिले. ते २९ पक्षी वाढले, पसरले, आणि १९८३ मध्ये पहिली वासंतिक शिकार झाली. आज माझ्या घरामागच्या मक्याच्या शेतात त्यांचे थवे फिरतात. देशभरात त्यांची संख्या साठ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे.

याचा बराचसा पैसा शिकाऱ्यांच्या खिशातून आला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे. तो राज्यांना वन्यजीवांसाठी आणि शिकारीच्या प्रशिक्षणासाठी मिळतो. परवान्याची फी वेगळी.

आता यातली दुसरी बाजू पाहा. शिकाऱ्यांची संख्या घटत गेली. केंद्र सरकारच्या पाहणीनुसार २०११ मध्ये देशात १ कोटी ३७ लाख शिकारी होते, २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख उरले. शिकारी घटले की फी घटते आणि खात्याचा निधीही. त्यामुळे नवे शिकारी हवेत आणि ते लहानपणीच हवेत, हा विचार सरकारी खात्यांपासून बंदूक कंपन्यांपर्यंत सगळ्यांना पटतो. मुलांच्या खांद्याला बेतेल अशा आखूड दस्त्याच्या, कमी धक्क्याच्या बंदुका मिळतात. जड टंगस्टन छर्ऱ्यांमुळे आता अगदी हलक्या बंदुकीनेही टर्की पडतो.

माझ्या धंद्यात हे ओळखीचं आहे. नवा वापरकर्ता जितक्या लहान वयात जोडाल तितका तो टिकतो, म्हणून साइन-अपच्या वाटेतला प्रत्येक अडथळा काढायचा. वयाची अट हाही एक अडथळाच. २०१७ च्या कायद्याच्या बाजूने बोलणारे सांगत होते की तीसहून अधिक राज्यांत अशी अट नाही, आणि मूल कधी तयार आहे हे आईबापांना कळतं. दुसरं म्हणणं मला बऱ्याच अंशी मान्य आहे. पण अडथळा काढताना तो तिथे का होता, हे आधी विचारायला हवं.

मी काय पाहिलं

मागच्या वर्षी मी सहकाऱ्याबरोबर गेलो होतो. बंदूक नव्हती, फक्त बसायला. त्याचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. पहाटे चारला निघालो, थंडी शून्याच्या आसपास. डोंगरउतारावर ओकच्या झाडांखाली कापडी आडोसा लावलेला. आत तिघे खुर्च्यांवर. मुलगा मधे, बाप त्याला खेटून. कायदा सांगतो की सोबतच्या मोठ्या माणसाने मुलाच्या हातभर अंतरात असायला हवं. इथे तर कोपराला कोपर लागत होता. बंदूक एकच, तिपाईवर टेकवलेली, नळी बाहेरच्या बाजूला.

उजाडताना पहिली आरोळी आली. मुलाचं अंग ताठ झालं. मग दीड तास काहीच नाही. मुलाने दोन बिस्किटं खाल्ली, एकदा पेंगला, एकदा दबक्या आवाजात लघवीला जायचं म्हणाला आणि बापाने थांब म्हणून खूण केली. साडेसातच्या सुमारास उताराच्या कडेवरून एक मोठा नर आला, शेपटी पंख्यासारखी पसरलेली, छातीवर केसांचा झुबका. नकली मादीभोवती त्याने फेरी घातली. पंचवीस पावलांवर असेल. बापाने मुलाच्या कानात म्हटलं, "तू ठरव."

मुलाने गाल दस्त्याला लावला. बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर सरळ. तेवढ्यात मागून दुसरा, लहान नर आला आणि मोठ्याच्या बरोबर मागे उभा राहिला. दोन डोकी एका रेषेत. छर्रे पसरतात, झाडली असती तर दोन्ही पडले असते, आणि टॅग एकाचाच होता. मुलाने वाट पाहिली. पक्षी हलले, पण वेगळे झाले नाहीत. मग मोठ्याला काहीतरी खटकलं, त्याने मान उंचावली आणि दोघेही झुडपात गेले. मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं. बापाने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरोबर केलंस." बस, एवढंच. घरी जाताना त्यांनी बेसबॉलबद्दल गप्पा मारल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला एक नर मिळाला. मी तेव्हा नव्हतो, पण संध्याकाळी त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. मुलगा पिसं उपटत होता. बापाने पक्ष्याची अन्ननळीची पिशवी कापून उघडली: कोवळं गवत, क्लोव्हरची पानं, मक्याचे दाणे, दोन काळे किडे. "हे बघ, तो काय खात होता," तो मुलाला म्हणाला. मुलगा खूप वेळ त्या किड्यांकडे बघत राहिला.

मी ते मांस खाल्लं का, असं तुम्ही विचारणारच. नाही. बंदुकीने मेलेल्या शिकारीबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि इथे झाडणाऱ्याने अल्लाहचं नावही घेतलेलं नव्हतं. सहकाऱ्याला हे सरळ सांगितलं. त्याला जराही वाईट वाटलं नाही. उलट त्याने विचारलं, "म्हणजे मारताना नाव घ्यायचं असतं? मग नाव घेतल्यावर हात थांबतो का तुमचा?" चांगला प्रश्न होता. मला त्यावर चटकन उत्तर सुचलं नाही.

मग आक्षेप कशाला

त्या सकाळी सगळं नीट झालं, कारण तो बाप तसा होता. माझा आक्षेप त्या बापाला नाही, कायद्याला आहे.

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही शिकारीचा परवाना हवा असेल तर आधी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. त्यात चार नियम घोटून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, नळी नेहमी सुरक्षित दिशेला ठेवा, लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करा, झाडायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरपासून दूर ठेवा. मोठ्याच्या देखरेखीखाली शिकार करणाऱ्याला मात्र हे प्रशिक्षण न घेताही परवाना मिळतो. आणि २०१७ च्या कायद्याने केवळ वय काढलं नाही. त्याआधी मोठा आणि शिकाऊ अशा दोघांत मिळून एकच शस्त्र चालायचं. आता दोघांकडेही एकेक असू शकतं.

मी दिवसभर ज्या यंत्रणांवर काम करतो, त्यांत आम्ही एक प्रश्न सतत विचारतो: एक गोष्ट चुकली तर तिला अडवायला दुसरी काय आहे? जुन्या नियमात बंदूक एकच असल्यामुळे मोठ्याचं सगळं लक्ष तिच्यावर राहायचं. वयाची अट ही दुसरी भिंत, प्रशिक्षण तिसरी. नव्या नियमात पहिल्या दोन भिंती पडल्या, तिसरीला आधीच दार होतं. उरला तो फक्त सोबतचा मोठा माणूस, आणि त्याच्याही हातात आता स्वतःची बंदूक असू शकते, त्याचंही मन समोरच्या पक्ष्यात गुंतलेलं असू शकतं. चांगल्या बापाला या भिंतींची गरज कधीच नव्हती. नियम दुसऱ्यांसाठी असतात: जो झोपलेला नाही, जो घाईत आहे, ज्याला फेसबुकवर फोटो टाकायचा आहे.

२०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. त्या एका वर्षात चार हजारांहून अधिक मुलं गेली. खरं सांगायचं तर त्यांतले बहुतेक मृत्यू खून आणि आत्महत्या आहेत. शिकारीतले अपघात त्यात फार थोडे. शिकारीवर हा आकडा फेकून मारणं अन्यायाचं होईल. पण जी बंदूक पहाटे रानात असते ती दुपारी घरातल्या कपाटात असते, आणि जे मूल ती हाताळायला शिकतं त्याला ती कुठे आहे हेही माहीत असतं. म्हणून ज्या वयात मुलाला मृत्यू म्हणजे परत न येणं हे पुरतं कळत नाही, त्या वयात ट्रिगर त्याच्या बोटाखाली नको.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाच-सहा वर्षांचं मूल बापाला 'नाही' म्हणू शकत नाही. बाप पहाटे उठवतो, नवीन बूट घेतो, सगळ्यांना फोन करून सांगतो की 'उद्या हा पहिला टर्की मारणार'. समोर पक्षी आल्यावर त्या मुलाने न झाडणं म्हणजे बापाला निराश करणं. अशा वेळी बोट मुलाचं असतं, निर्णय बापाचा. जीव घेण्याचा निर्णय दुसऱ्याच्या बोटाने घेऊ नये. त्या नऊ वर्षांच्या मुलाने न झाडून जे केलं, ते सहाव्या वर्षी त्याला झेपलं असतं असं मला वाटत नाही.

आपल्याकडून येणारे दोन आक्षेप

पहिला आक्षेप अम्मीचा, आणि बहुधा तुमच्यापैकी अनेकांचा: मुलांना हे दाखवायचंच कशाला? मला हे पटत नाही. आपण मांस खाणारे लोक आहोत. मिरजेत मी लहानपणी कोंबडी आणायला अब्बांबरोबर जायचो, तिथे सगळं समोर व्हायचं. आता मुलं थाळीतला 'लॉलीपॉप' ओळखतात आणि कोंबडीला मात्र कार्टूनमधून. इथे अमेरिकेत तर राष्ट्राध्यक्ष दर थँक्सगिव्हिंगला टीव्हीवर एका टर्कीला 'माफी' देतात. १९८९ मध्ये थोरल्या बुश यांच्यापासून ही रीत पक्की झाली. आणि त्याच आठवड्यात देश कोट्यवधी टर्की खातो. माझ्या मुलीने टीव्हीवर ते पाहून विचारलं होतं, "बाकीच्यांनी काय केलं होतं?" रानात गेलेल्या मुलाला या प्रश्नाचं निदान खरं उत्तर मिळतं: त्यांनी काही केलं नव्हतं, आपल्याला खायचं होतं.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे. काही मित्र म्हणतात, शिकार तर आपल्यात जायज आहे, मर्दानी शौक आहे, शिकू दे लहानपणापासून. त्यांना मी जहांगीरची आठवण देतो. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याच्या बंदरातून बादशहासाठी जी नवलाई आणली, तिच्यात एक टर्की होता. उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या पक्ष्याचं डोकं सरड्यासारखं रंग बदलतं, असं जहांगीरने आपल्या आठवणींत नोंदवलंय. सहकाऱ्याच्या मुलाला शिकवले जाणारे तेच तीन रंग बादशहाने चारशे वर्षांपूर्वी टिपले होते. याच बादशहाने बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारीचा हिशेबही ठेवला: त्याच्यासमोर २८,५३२ जनावरं, त्यांतली १७,१६७ त्याच्या स्वतःच्या हातची. आणि पुढे छोटा नातू शाह शुजा आजारी पडला, तेव्हा त्याच्यासाठी आपल्या हाताने कुठल्याही जिवाला इजा न करण्याची मन्नत मानली. शौक म्हणून सुरू झालेल्या मोजदादीला थांबायला एक आजारी पोर लागलं.

शिकार जायज आहे हे खरं. पण ती किती अटींनी बांधलेली आहे ते पाहा. सूरह अल-माइदामध्ये शिकवलेल्या जनावराने पकडलेली शिकार अल्लाहचं नाव घेऊन खायला परवानगी आहे. त्याच सूरहमध्ये पुढे एहराममध्ये शिकारीला मनाई आहे, आणि हात-भाले पोचतील इतक्या जवळ आलेल्या शिकारीने माणसाची परीक्षा होईल असं सांगितलंय. जिवंत जीव नेमबाजीचं लक्ष्य करायला हदीसमध्ये मनाई आहे. म्हणजे परीक्षा नेमाची नाही, हात आवरण्याची आहे. सहकाऱ्याने गॅरेजमध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला घरी आल्यावर इथे सापडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलंही: नाव घेतल्यावर हात थांबायला हवा, निदान क्षणभर.

आणि आपण कुठे

एक गोष्ट मात्र सोडून देता येत नाही. विस्कॉन्सिनच्या राज्यघटनेत २००३ पासून शिकारीचा हक्क लिहिलेला आहे. इथे बापाने मुलाला रानात नेणं म्हणजे वारसा. आपल्याकडे तित्तिराचा फास लावायला बापाकडून शिकणाऱ्या फासेपारध्याच्या पोराला इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये कागदावरून तो शिक्का गेला, पोलीस ठाण्यांतून अजून गेलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहावी. पण एका मुलाचं कौशल्य संस्कार म्हणून मिरवायचं आणि दुसऱ्याचं गुन्हा म्हणून नोंदवायचं, यातला फरक कौशल्याचा नाही, मुलगा कुणाचा आहे याचा आहे.

माझीही गोष्ट थोडी तशीच. एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही, पण शिकारीचा परवाना काढला तर अपवाद मिळतो. म्हणजे कागदावर मलाही वाट मोकळी आहे. तरीही दाढीवाला, सावळा माणूस हिरवट ठिपक्यांचे कपडे घालून, बंदूक घेऊन, सात वर्षांच्या पोरीसह पहाटे शेताच्या बांधावर दिसला तर शेजारी काय समजतील, हा विचार मला करावा लागतो. सहकाऱ्याला तो कधी करावा लागला नाही. त्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

माझं म्हणणं

कायद्यात मला दोन जुन्या गोष्टी परत हव्यात: बंदूक हातात घ्यायला किमान दहा वर्षं आणि दोघांत एकच शस्त्र. तीन नवं काही मागत नाही. दहाव्या वर्षाखालच्या मुलाने रानात येऊ नये असं मी म्हणत नाही. उलट त्याने यावं. पाचव्या वर्षी यावं, आरोळी ऐकावी, थंडीत कुडकुडावं, कंटाळावं. डबी घासून मादीची हाक काढायला शिकावं. पक्षी पडला तर त्याच्याजवळ जाऊन त्याची पिसं गरम आहेत हे हाताने पाहावं. पिसं उपटावीत, पोटात काय होतं ते बघावं, आणि जेवायला बसावं. रडू आलं तर रडावं. बापाने त्याला 'मोठा हो' म्हणू नये. बंदुकीची पाळी यायची तेव्हा येईल, आणि ती येण्याआधी एकदा तरी त्याने स्वतःहून 'आज नको' म्हटलेलं असावं.

इथल्या मराठी मुस्लिम घरांतले तरुण आईबाप मला विचारतात की पोरं शाळेतून येऊन शिकारीच्या गोष्टी सांगतात, आम्ही काय करू? सरळ त्या मित्राच्या वडिलांना भेटा. बंदुका किती, कुठे, कुलपात आहेत का, काडतुसं वेगळी ठेवली आहेत का, हे विचारा. चांगला शिकारी या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालं. आणि जायचं ठरलं तर मुलासोबत स्वतः जा.

अम्मीला मी कळवलंय: पोर शिकारीला नाही, बघायला जाते आहे. एप्रिलमधल्या मुलांच्या शनिवारी आम्ही दोघं सहकाऱ्याच्या आडोशात बसू. मुलीसाठी लाकडी डबी घेतली आहे. गेला आठवडाभर ती घरात सकाळ-संध्याकाळ घासते आहे आणि तिची आई कानांवर हात ठेवते आहे. तांबडं जाकीट तिने स्वतःच बाजूला काढून ठेवलं.